गोडासोबत वाइन आंबट लागते?

लाम्ब्रुस्को ही इटलीची लाल, फसफसती वाइन केकसोबत आंबट-तुरट लागली, तर दोष बहुधा वाइनचा नसतो. केक तिच्यापेक्षा गोड असतो.

1. बाटलीवर 'अमाबिले' हा शब्द शोधा, म्हणजे मध्यम गोड. 'सेक्को' म्हणजे कोरडी, जवळपास गोडवा नसलेली, ती जेवणासाठी ठेवा.
2. बाटली दोन तास फ्रिजमध्ये ठेवा.
3. सोबतचा पदार्थ वाइनपेक्षा कमी गोड हवा. इटलीतल्या एमिलिया-रोमान्या प्रांताच्या या वाइनशी चेरीच्या जॅमची क्रोस्ताता, म्हणजे इटालियन टार्ट, छान जमते. मला मात्र साखर न घातलेली ताजी स्ट्रॉबेरीच सर्वांत आवडते. वाइनमधला फळांचा वास तिच्यामुळे खुलतो. कडसर डार्क चॉकलेटही चालतं.

गुलाबजामसारख्या पाकातल्या गोडासमोर ही वाइन फिकी पडते. आणि बाटली पाहुणे आल्यावरच उघडा, फेस लवकर बसतो.