घरातल्या दिव्यांग माणसासाठी केअरटेकर ठेवताय? या चुका टाळा

आपल्याकडे सिंधुदुर्गात काय होतं, माणूस माडावरून नाहीतर आंब्यावरून पडतो, मणक्याला मार बसतो, ओरोसच्या जिल्हा रुग्णालयातून गोव्याला बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात नेतात, ऑपरेशन होतं आणि मग डिस्चार्जच्या आदल्या रात्री घरच्यांना आठवतं की अरे, आता याला बघणार कोण. मग मुंबईतला भाऊ फोनाफोनी करतो आणि जो पहिला मिळेल त्याला पाठवून देतो. पॅरालिसिस झालेल्यांचं तेच, सेरेब्रल पाल्सीच्या (लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालीवर परिणाम झालेल्या) मुलांची आई आजारी पडली की तेच. माझा थोरला भाऊ कमरेखाली हलू शकत नाही, त्याच्यामुळे आजूबाजूच्या बऱ्याच घरांतून मला फोन येतात, आणि फिरून फिरून त्याच गोष्टी चुकलेल्या असतात.

ज्याच्यासाठी माणूस ठेवताय त्यालाच विचारलं जात नाही

सगळ्यात मोठी चूक ही, म्हणून आधी हीच घेते. पगार कोण देणार, किती देणार, जेवण कुठे, झोपणार कुठे, सगळं ठरतं, आणि ज्याला रोज तो माणूस आंघोळ घालणार आहे तो आतल्या खोलीत पडून ऐकत असतो. दादा एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "अरे, माका इचारा ना!" आणि बरोबर होतं त्याचं. पाणी किती गरम, आधी तोंड धुवायचं की आधी लघवीची पिशवी रिकामी करायची, अंग पुसायला बाई चालेल की पुरुषच हवा, हे त्याने सांगायचं. बोलता येत नसेल तर मानेने, डोळ्याने, चित्राच्या कार्डाने सांगता येतं, तेवढा वेळ द्या.

इंटरव्ह्यू त्याच्यासमोर घ्या, आणि एक गोष्ट बारकाईने बघा. येणारा माणूस "दादा जेवणात काय घेतात?" हे तुम्हाला विचारतो की थेट त्यांना? त्यांच्या खाटेला हात लावायच्या आधी, खुर्ची ढकलायच्या आधी सांगतो का? माझ्या मते सर्टिफिकेटपेक्षा हे जास्त कळतं. मग दोन-तीन दिवस ट्रायलवर ठेवा, त्याचे पैसे द्या, आणि नको म्हणायचा हक्क पेशंटचा ठेवा.

नर्स, केअरटेकर, मावशी, मालिशवाला सगळे एकच समजणं

आंघोळ, कपडे, भरवणं, कूस बदलणं, खुर्चीत बसवणं हे केअरटेकरचं काम. कॅथेटर म्हणजे लघवीची नळी बदलणं, इंजेक्शन, नाकातली नळी घालणं हे नाही, तिथे नर्स लागते आणि तिचं महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन असतं, नंबर मागायला लाजू नका. स्पीच थेरपिस्ट, स्पेशल एज्युकेटर यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, फिजिओथेरपिस्टची नोंद राज्याच्या वेगळ्या कौन्सिलकडे. गावात मालिश करणारे चांगले असतील, पण पाय अचानक सुजला, एकच पोटरी गरम लागली तर मालिश बिलकुल नको, आत रक्ताची गाठ असू शकते, आधी डॉक्टर.

ब्युरोवर डोळे झाकून विश्वास

ब्युरो म्हणजे केअरटेकर पुरवणारी एजन्सी. डिपॉझिट किती, परत कधी, माणूस सोडून गेला तर बदली किती दिवसांत, आपण देतो त्यातले त्या माणसाच्या हातात किती पडतात, हे कागदावर घ्या आणि पावती मागा. शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारा कारण ज्याला फार कमी मिळतात तो टिकत नाही. आधार, फोटो, पोलीस व्हेरिफिकेशन बघा, आणि आधी ज्या घरी काम केलं तिथे स्वतः फोन लावा.

आणि एक खास आपल्याकडचं. मुंबई-पनवेलवरून माणूस येतो, बॅग घेऊन पाखाडी म्हणजे पायऱ्यांची वाट चढून वर येतो, न्हाणी घराबाहेर, नेटवर्क नाही, दुसऱ्या दिवशी एसटीने परत. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. ठरवायच्या आधी व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ पाठवा, रस्त्यापासून घरापर्यंतची वाट, खोली, संडास, न्हाणी, सगळं.

गणपती, शिमगा आणि पाऊस विसरणं

गावातलीच बाई असेल तर भाताच्या लावणीला, गणपतीला, शिमग्याला ती जाणारच, आणि गेलीच पाहिजे, तिचंही घर आहे. सुट्ट्या आधीच लिहून ठेवा आणि शेजारच्या कोणाला तरी काम शिकवून ठेवा, अगदी चुलतभाऊ असला तरी चालेल. जून ते सप्टेंबर लाईट जाते, पडून पडून जखम होऊ नये म्हणून घेतलेली हवेची गादी पंपावर चालत असेल तर ती बसते आणि पेशंट थेट फळीवर येतो, म्हणून इन्व्हर्टर नाहीतर जाड फोमची गादी तयार ठेवा. औषधं आणि युरिन बॅग पाऊस लागायच्या आधी भरून ठेवा.

काम तोंडी सांगून मोकळं होणं

"तुम्हाला माहितीच आहे ना सगळं" असं म्हणून चालत नाही. आमच्याकडे कपाटाच्या दारावर एक कागद चिकटवलाय, मोठ्या अक्षरात, त्यात वेळ आहे आणि बाजूला टिक करायची जागा आहे. अंथरुणात असताना साधारण दर दोन तासांनी कूस, खुर्चीत असताना अर्ध्या तासाच्या आत वजन सरकवायचं. आंघोळीनंतर माकडहाड, टाचा, खुबे रोज बघायचे. बोट दाबून उचललं तरी लालपणा तसाच राहिला तर तिथे जखम सुरू होतेय, त्या बाजूला अजिबात झोपवायचं नाही. सावळ्या कातडीवर लाल दिसत नाही, मग हात लावून बघा, ती जागा गरम किंवा कडक लागते. चोळायचं मात्र नाही. भरवताना सरळ बसवून, छोटे घास, आणि जेवणानंतर अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं. पेजेचा ठसका वारंवार लागत असेल तर डॉक्टरला सांगा.

मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात मणक्याला मार असलेल्यांच्या घरी हे तर केअरटेकरला पहिल्याच दिवशी शिकवा: अचानक प्रचंड डोकं दुखायला लागलं, तोंड लाल, घाम, तर लगेच उठवून बसवायचं, घट्ट कपडे सैल करायचे, कॅथेटरची नळी कुठे मुडपली आहे का ते बघायचं, कारण लघवी तुंबून बीपी भयंकर वाढतं. कमी झालं नाही तर थेट हॉस्पिटल, घरी वाट बघत बसायचं नाही.

खाटेवरून खुर्चीत घेणं हे हॉस्पिटलमध्येच फिजिओकडून शिकून घ्या, डिस्चार्जच्या आधी, घरच्या दोघांनी तरी. बगलेत हात घालून ओढू नका, पॅरालिसिसवाल्या बाजूचा खांदा त्यात निखळतो.

केअरटेकरला घरची मोलकरीण करणं

पेशंटसाठी आणलेल्या बाईला मासे साफ कर, अंगण झाड, पाहुण्यांचा चहा कर, असं करत करत पेशंटच मागे राहतो. चोवीस तासांची ड्युटी म्हणजे चोवीस तास जागं नव्हे, सलग झोप आणि आठवड्याची सुट्टी द्या, थकलेल्या माणसाच्याच हातून पेशंट पडतो. पगार ठरलेल्या तारखेला द्या.

पैसे आणि गप्प बसणं

संजय गांधी योजनेची पेन्शन काढायला केअरटेकरकडे एटीएम आणि पिन देणारी घरं मी बघितलीत, हे करू नका. कोऱ्या कागदावर अंगठा तर नाहीच.

अंगावर वळ, कोणी जवळ आलं की दचकणं, एकाच माणसाच्या ड्युटीत न जेवणं, हे दिसलं की "आता दुसरा माणूस कुठून आणायचा" या भीतीने गप्प बसतात. पेशंटला एकट्याला, दार लावून विचारा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ७ आहे, अत्याचाराची माहिती कोणीही, शेजारीसुद्धा, कार्यकारी दंडाधिकाऱ्याला देऊ शकतो, म्हणजे आपल्याकडे तहसीलदार किंवा प्रांताधिकारी. लगेच मदत हवी तर ११२. कॅमेरा लावायचा असेल तर पेशंटची परवानगी घेऊन लावा, आणि कपडे बदलायच्या जागी नको.

संस्थेत ठेवायचं असेल तर याच कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र मागा, आणि न सांगता जेवणाच्या वेळी जाऊन या. आत सोडत नाहीत म्हणजे तिथे ठेवायचं नाही. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व असलेलं मूल १८ पूर्ण झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, राष्ट्रीय न्यास (नॅशनल ट्रस्ट) या केंद्र सरकारच्या संस्थेच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो, ती समिती कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली असते. हे काम वय उलटून जाईपर्यंत ठेवू नका.

माणूस बदलायची वेळ आली तर जुना आणि नवा दोन दिवस तरी एकत्र राहू देत. जायच्या दिवशी हिशोब पूर्ण करून सही घ्या, चावी परत घ्या, मोबाईलचा पासवर्ड बदला, आणि काम चांगलं केलं असेल तर पुढच्या घरासाठी दोन ओळींचं पत्र लिहून द्या.