चिप्सवर मायक्रोवेव्ह: खर्चाच्या हिशेबातल्या या चुका टाळा

कागदाच्या लगद्यासाठी लाकडाच्या चिप्स शिजवण्याआधी त्यांना मायक्रोवेव्हने तापवतात. त्याच्या चाचणीसाठी मे महिन्यात एका कागद कारखान्यातून लाकडाच्या चिप्सचा नमुना दादरला उतरला, तो साध्या गोणपाटात. चिठ्ठीवर ओलावा 50 टक्के. माटुंग्याला काट्यावर ठेवला, तर पाणी वाटेतच बरंचसं उडून गेलेलं. त्या चिप्सवरून काढलेला खर्च मी वापरू दिला नाही. मायक्रोवेव्ह लाकडातल्या पाण्याच्या जोरावर चालतो. आतल्या आत वाफ होते, तिच्या दाबाने पेशींमधले पडदे फाटतात आणि शिजवणीचं रसायन चिपच्या गाभ्यापर्यंत शिरतं. पाणीच उडालं असेल तर चाचणीला अर्थ नाही. नमुना दुहेरी प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून पाठवा आणि पोचल्यावर पुन्हा वजन करा.

दुसरी चूक म्हणजे वीज लगद्याऐवजी लाकडाच्या टनावर मांडणं. क्राफ्ट पद्धतीत, म्हणजे चिप्स रसायनात शिजवून लगदा करण्याच्या पद्धतीत, एक टन लगद्याला ढोबळमानाने दोन टन कोरडं लाकूड लागतं. 50 टक्के ओलाव्याच्या चिप्स 30 अंशांवरून 100 अंशांवर न्यायच्या तर लगद्याच्या टनामागे सव्वादोनशेच्या आसपास युनिट हवेत. मॅग्नेट्रॉनची, म्हणजे मायक्रोवेव्ह तयार करणाऱ्या नळीची, कार्यक्षमता 85 टक्के धरली तर मीटरवर 250 च्या वर पडतात. आठ रुपये दराने झाले दोन हजार, आणि वाफ व्हायला अजून सुरुवातही नाही! पुढे उडणाऱ्या प्रत्येक किलो पाण्याला 0.63 युनिट वेगळं, म्हणजे मीटरवर 0.74. मॅग्नेट्रॉन ठरावीक तासांनी बदलावा लागतो, तेही धरा.

सगळ्यात महागात पडते ती तिसरी चूक. ‘वाफ वाचेल’ म्हणून लोक कोळशाच्या भावाने बचत लिहितात. पण क्राफ्ट कारखान्यात बरीचशी वाफ ब्लॅक लिकर, म्हणजे शिजवणीनंतर उरणारं काळं द्रावण, जाळून मिळते, आणि चिप्स तापवायला बहुतेकदा डायजेस्टरमधून (चिप्स शिजवायच्या भांड्यातून) सुटणारी, जवळपास फुकटची वाफ वापरतात. तिच्या जागी वीज घातली तर नुकसानच. बॉयलरला कोळसा खरोखर कमी लागला, तरच ते रुपये तुमचे.

खरा फायदा मला दिसतो तो शिजवणीचा वेळ घटण्यात आणि न शिजलेले तुकडे कमी होण्यात. तोही डायजेस्टर अपुरा पडत असेल तेव्हाच. ब्लॅक लिकर जाळणारा रिकव्हरी बॉयलर आधीच पूर्ण क्षमतेने चालत असेल, तर वाढीव लगद्याचं लिकर जाळणार कुठे? म्हणून कोटेशन मागवण्याआधी शिफ्ट इन्चार्जला गाठा आणि महिन्याभरात उत्पादन नेमकं कुठे अडलं, ते लॉगबुकातून उतरवून घ्या.