बीड, लोखंड, पोलाद: भंगारातून काय उचलावं

माझा धंदा शिलाईचा. ब्लाउज, ड्रेस, फॉल-पिको. सांडलेल्या टाचण्या उचलायला मी एक चुंबक दोरीला बांधून ठेवलंय. चार वर्षांपूर्वी तेच पिशवीत टाकून मी पुण्याच्या जुन्या बाजारात गेले आणि चिकटतंय म्हणजे चांगलं, असं समजून अकरा किलो कचरा विकत आणला.

लोहारकामाचं वेड कात्रीपायी लागलं. आठवडी बाजारात एक घिसाडी जोडपं बसतं, तिथे कात्रीला धार लावायला गेले होते. मामा सांडशीत लालभडक पाटा धरून छोट्या हातोडीने टकटक करत जागा दाखवत होते आणि मामी त्या जागेवर घण घालत होत्या. एकही घाव इकडेतिकडे नाही. कात्री तयार झाली तरी मी तासभर तिथेच उभी. पुढे सासवडजवळ नणंदेच्या शेतावर एक पत्र्याची शेड मोकळी होती, ती मागून घेतली.

तर ते अकरा किलो मी मामींसमोर ओतलं. त्यांनी बसल्या बसल्या तीन ढीग केले. "हे लोखंड. हे पोलाद. आणि हे बीड, हे परत नेऊन टाक." पोलादाच्या ढिगात एकच वस्तू होती, झिजलेली कानस. चुंबक तिन्ही ढिगांना चिकटत होतं.

कटपीसच्या दुकानात मी कापड बघते तेव्हा रंगाच्या आधी विचारते, हे कुठल्या ठाणातलं? पडद्याचं कापड पडद्यासारखंच पडणार, त्याचा ब्लाउज कितीही मापात बेतला तरी फुगणार. भंगारातही हेच. ही वस्तू आधी काय काम करत होती, ते विचारा. वाकून परत सरळ व्हायचं काम असेल, घासायचं किंवा कापायचं असेल, तर ते बहुतेक पोलाद. नुसता भार पेलायचा असेल तर साधं लोखंड. आणि ओतून घडवलेली, जाड, बोजड, आदळली तर तुटणारी वस्तू म्हणजे बीड. बीड भट्टीत तापवून ठोकलं की त्याचे तुकडे पडतात. शिलाई मशिनचं जुनं बिडाचं स्टँड दिसायला किती देखणं, पण त्याचं टेबल करा, घडवायला घेऊ नका.

आता नेमकं काय मागायचं ते सांगते. सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे गाडीचा कमान पाटा, चाकांवर धक्के सोसणारी ती वाकडी पट्टी. पोलाद कडक होतं ते कार्बनमुळे. त्यात कार्बन साधारण ०.५ ते ०.६५ टक्के असतो. विळा, सुरी, छिन्नी, खुरपं, सगळं त्यातून निघतं. कोयते आणि कुऱ्हाडी घडवायला लोहारही हाच वापरतात. पण ट्रकचा पाटा घेऊ नका. तो बारा-चौदा मिलिमीटर जाड असतो आणि एकट्या माणसाच्या हातोडीने तो पातळ करता करता रविवार संपतो. जीपचा किंवा छोट्या टेंपोचा मागा, सहा ते आठ मिलिमीटरचा. दुकानदार म्हणेल, "ताई, मोठा घ्या, किलोचा भाव सारखाच आहे." म्हणू दे.

जुन्या पाट्यात एक खोट असते, ती डोळ्यांना दिसत नाही. वर्षानुवर्षं वाकून त्याला बारीक चिरा गेलेल्या असतात, विशेषतः मधल्या बोल्टच्या भोकापाशी. तुम्ही दोन दिवस खपून सुरी घडवता आणि पाणी देताना, म्हणजे तापवून बुडवून कडक करताना, ती चीर उघडते. यावर माझ्या धंद्यातलाच उपाय सापडला. पाटा तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करा. त्यावर रॉकेल किंवा पातळ तेल चोळा, दहा मिनिटं राहू द्या, मग फडक्याने अगदी कोरडा पुसा. आता त्यावर कापडावर खुणा करायचा पांढरा खडू चोळा, मेणचट नको, मातीचा. थोडं थांबा. चिरेत शिरलेलं तेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्यावर केसासारखी काळसर रेघ उमटते. पहिल्यांदा ती रेघ उमटताना पाहिली तेव्हा मी शेडमध्ये एकटीच "अगं बाई!" म्हणाले होते. रेघ दिसली की तेवढा भाग सोडून पुढचा कापून घ्यायचा. साडीला भोक असलं तर आपण तेवढं टाळूनच बेततो ना.

दुसरी वस्तू म्हणजे स्प्रिंग. दुचाकीच्या शॉकअपची स्प्रिंग बोटभर जाडीची असते. ग्राइंडरने एक एक वेढा कापला, तापवून सरळ केला, की छिन्नी नाहीतर भोक पाडायचा सुंभा करायला तयार. पण नुसती स्प्रिंगच घ्या. आतली नळी बंद असते, तिच्यात तेल असतं, कधी दाबाखालचा वायूही असतो. ती नळी कापायची नाही आणि भट्टीजवळ न्यायचीही नाही. हाच नियम कुठल्याही बंद डब्याला, नळीला, सिलिंडरला.

तिसरी म्हणजे जुन्या कानशी. चांगल्या कानशीत कार्बन एक टक्क्याच्या वर असतो. नावाजलेल्या कंपनीचा छाप असेल तर डोळे झाकून घ्या. बिनछापाच्या स्वस्त कानशीचा भरवसा नाही, ती कधी कधी वरवरच कडक असते आणि आत मऊ लोखंड. घडवण्याआधी तिचे दाते घासून काढा, नाहीतर ते घडीत दुमडून आत राहतात.

बांधकामावरची टीएमटी सळई मात्र सगळ्यांना फुकट मिळते आणि सगळे फसतात. मी तिची छिन्नी केली होती. पाणी दिलं, धार लावली, नवऱ्याला दाखवली. पहिल्या घावाला तिचं टोक नाकासारखं वळलं. सळईत कार्बन ०.३ टक्क्यांच्या आत असतो, ती कितीही बुडवा, धारेला लागतो तेवढा कडकपणा येत नाही. हूक, खुंट्या, भट्टी ढवळायची सळई यांसाठी मात्र ती झकास. माझ्या दुकानातले हँगर अडकवायचे सगळे हूक तिचेच आहेत.

विचारूनही कळलं नाही तर दुकानदाराकडे ग्राइंडर असतोच. कोपऱ्यावर जरा चाक लावायला सांगा आणि ठिणग्या बघा. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ, फारशा न फुटणाऱ्या. पोलादाच्या फुलबाजीसारख्या, रेघेच्या टोकाला आणि वाटेतही फुटणाऱ्या, आणि कार्बन जितका जास्त तितकी फुलं दाट. बिडाच्या आखूड आणि मंद लालसर. एक ओळखीची कानस आणि एक सळई सोबत न्या, शेजारी शेजारी घासून बघितलं की फरक लगेच कळतो. कामाचा सेफ्टी गॉगल घालूनच बघायचं. चष्मा म्हणजे गॉगल नव्हे, माझ्या चष्म्याच्या काचेवर अजून एक जळका ठिपका आहे.

आणि खरी परीक्षा घरी आणल्यावर. बोटभर पट्टी कापा, तापवा आणि मधून मधून चुंबक लावून बघा. पोलाद साधारण ७७० अंशांच्या आसपास चुंबकाला चिकटायचं थांबतं. त्याच्या किंचित पुढे नेऊन कोमट तेलात बुडवा. पाण्यात नको, कमान पाटा पाण्यात तडकू शकतो. गार झाल्यावर कानस फिरवा. कानस चावली तर पट्टी कडक झाली नाही, काचेवरून घसरावी तशी घसरली तर झाली. मग फडक्यात गुंडाळून व्हाइसमध्ये, म्हणजे स्क्रूने आवळायच्या पकडीत, धरून मोडा आणि मोड बघा. बारीक, करडी, रेशमी कणी असेल तर सगळं बरोबर. साखरेसारखे चकाकते दाणे दिसले तर तुम्ही जास्त तापवलंत. मामी एवढं काही करत नाहीत, पण मामींना चाळीस वर्षं झालीत.

न घ्यायच्या वस्तूंची यादी मी पाकिटात ठेवते. पहिला, पांढऱ्या मुलाम्याचा जीआय पाइप किंवा पत्रा, आणि सोनेरी मुलाम्याचे बोल्ट. हे मुलामे जस्ताचे. जस्त ९०७ अंशांना उकळतं, आपली भट्टी त्याच्या सहज पुढे जाते आणि तो धूर छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. क्रोमचा चकचकीत मुलामाही भट्टीत नको. दुसरी, रेल्वेची कुठलीही वस्तू. रुळाच्या तुकड्याची ऐरण फार छान होते, हे खरं आहे आणि म्हणूनच तो तुकडा "खास तुमच्यासाठी" म्हणून गोणपाटाखालून निघतो. पण रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर ताबा) कायदा, १९६६ हा घेणाऱ्यालाही लागू आहे आणि पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रेल्वेच्या लिलावातून आलेला माल असेल तर त्याचे कागद असतात. कागद नाहीत तर नमस्कार करून पुढे जा. गटाराची झाकणं, विजेच्या टॉवरचे अँगल यांनाही तोच नमस्कार.

मग ऐरणीचं काय? इथे मी पैसे घालवलेत. एका दुकानातून नवी, रंगवलेली, शिंग (वळण द्यायचं निमुळतं टोक) असलेली ऐरण घेतली. तिसऱ्या रविवारी तिची कड भाकरीच्या पापुद्र्यासारखी निघाली. बीड होतं. आता मी पर्समध्ये अर्ध्या इंचाची बेअरिंगची गोळी ठेवते. मेजरिंग टेप उभा धरायचा, दहा इंचांवरून गोळी सोडायची आणि किती उसळते ते बघायचं. सात इंचांच्या वर आली तर उत्तम. दोन-तीन इंचांवर थबकली आणि आवाजही थड्ड आला तर राहू द्या.

माझी आत्ताची ऐरण भोसरीच्या एका भंगारवाल्याकडून आणली. कुठल्याशा यंत्राच्या शाफ्टचा कापलेला तुकडा, पाच इंच व्यास, दहा इंच उंची, वजन २५ किलो. बाभळीच्या ओंडक्यात खाच करून उभाच बसवलाय. शिंग नाही, पण घाव सगळा खाली जातो. शिंगाचं काम मी ओंडक्याला ठोकलेल्या जाड खुंटीवर भागवते. एमआयडीसीत फोर्कलिफ्टचा तुटका दात मिळाला तर तोही असाच उभा बसवता येतो.

हत्यारं जुनीच घ्या. जुना बाजार मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी भरतो. मी बुधवारी सकाळी जाते, कारण रविवारी गर्दीत वस्तू हातात धरून बघताच येत नाही. हातोडी किलोभराची, त्याहून जड नको, मनगट धरतं. दांडा तुटका असला तर बरंच, भाव पाडता येतो. बाभळीचा नवा दांडा घालून पाचर मारली की झालं. हातोडीचा चेहरा बघा: खड्डे चालतील, घासून निघतात, पण चीर चालणार नाही. छिन्नीचं डोकं ठोकून ठोकून पाकळ्यांसारखं पसरलेलं असेल तर वापरण्याआधी त्या पाकळ्या घासून काढा, त्यातलीच एक उडून डोळ्यात जाते. व्हाइस घेताना तो पूर्ण उघडून बघा. स्क्रूचे आटे मधल्या भागात झिजलेले असतात आणि दुकानदार तो बरोबर मिटवून ठेवतो. जबड्याच्या मागे वेल्डिंगचा सांधा दिसला तर घेऊ नका.

भट्टीसाठी टेंपोचा ब्रेक ड्रम, मधल्या भोकावर भोकं पाडलेली जाड पट्टी, आणि खालून दोन इंची काळा, म्हणजे बिनमुलाम्याचा, पाइप. "काळा" हा शब्द उच्चारून मागा, नाहीतर जीआय हातात येतो. ड्रममधली धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. आणि तापलेल्या ड्रमवर पाणी ओतायचं नाही, तोही बिडाचाच, तडकतो. वाऱ्यासाठी मी फुटाणेवाल्याचा हाताने फिरवायचा पंखा घेतलाय. हात थांबला की वारा थांबतो, त्यामुळे नादात पट्टी जळून जात नाही. सुरुवात लोणारी, म्हणजे लाकडाच्या, कोळशावर करा, दगडी कोळशाचा धूर शेजाऱ्यांना परवडत नाही.

कपडे सुती घाला. हे मी शिंपी म्हणून सांगते. टेरिकॉटवर ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं, जाड सुती ड्रिलला नुसतं भोक पडतं. ओढणी घरी.

आणि एक, पुण्यात राहणाऱ्यांसाठी: घडवलेला कोयता सॅकमध्ये घालून पीएमपीच्या बसने मिरवू नका. शेतीचं अवजार आहे हे तुम्हाला माहीत असतं, नाकाबंदीवरच्या हवालदाराला नसतं.

मी ज्यांच्याकडून माल घेते ते चाचा आता स्प्रिंगा बाजूला काढून ठेवतात आणि मी त्यांच्या सुनेच्या ड्रेसची शिलाई घेत नाही. पहिल्या फेरीत तीनच वस्तू आणा: एक पाटा, एक स्प्रिंग, एक कानस. आणल्या दिवशीच टोकाला ऑइलपेंट लावा, पाट्याला लाल, स्प्रिंगेला पिवळा, साध्या लोखंडाला हिरवा. कापून तुकडे केले की सगळे सारखेच गंजके दिसतात. तुकडा नेहमी बिनरंगाच्या टोकाकडून कापायचा, म्हणजे उरलेल्यावर रंग शिल्लक राहतो.