पेरणीआधी वायरवर्म कसे शोधावेत?

वायरवर्म ही क्लिक बीटल नावाच्या भुंगेऱ्याची अळी. रंग पिवळट-तांबूस, अंग तारेसारखं कडक. बटाटे आणि गाजरं ती आतून पोखरते, आणि हे कळतं थेट काढणीच्या वेळी. अनेक जातींची अळी काही वर्षं जमिनीतच काढते, म्हणून वाफा पेरणीआधीच तपासावा.

मातीतल्या अंधारात तिला मूळ सापडतं कसं? मूळ श्वसन करताना कार्बन डायऑक्साइड सोडतं, आणि जिकडे तो वाढत जातो तिकडे अळी सरकते. जवळ पोचली की मुळातून झिरपणाऱ्या शर्करा तिला चावा घ्यायला लावतात. उगवतं धान्यही हा वायू भरपूर सोडतं. आपला सापळा त्याचाच.

गहू आणि मका समसमान घेऊन २४ तास भिजवा. बीजप्रक्रिया केलेलं, म्हणजे औषध चोळलेलं बियाणं अजिबात नको. पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी १५ सेंटिमीटर खोल खड्डा करून त्यात मूठभर दाणे टाका, माती लोटा आणि वर काळं प्लास्टिक अंथरा. त्याने ऊब आणि ओल टिकते. जागेवर काठी रोवा. माती गार किंवा कोरडी असेल तर थांबा, कारण तेव्हा अळ्या खोल गेलेल्या असतात. कीड वाफाभर सारखी पसरलेली नसते, तेव्हा असे खड्डे चार-पाच ठिकाणी हवेतच.

वाफा मात्र खरोखर रिकामा हवा. माझ्या मते सगळं यावरच अवलंबून आहे. तणांची मुळं आणि कुजत असलेलं शेणखतही तोच वायू सोडतात. मग अळीला चहूकडून बोलावणं येतं आणि सापळ्याकडे कोणी फिरकत नाही.

आठ-दहा दिवसांनी कोंबांचा गुंता भोवतालच्या मातीसकट उचलून पांढऱ्या कापडावर मोकळा करा. दाणे एकेक फोडून बघा. अळी बऱ्याचदा आत शिरलेली असते आणि बाहेर फक्त शेपटाकडचं टोक दिसतं. डोक्यामागे पायांच्या तीन जोड्या असतील आणि चिमटीत अंग दबत नसेल, तर ती बहुधा वायरवर्मच.

काहीच सापडलं नाही तरी आठवड्याभराने पुन्हा सापळे लावा, कारण कात टाकण्याच्या सुमारास अळी खाणं सोडते. सापडल्या तर त्या वाफ्यात यंदा बटाटा, गाजर लावू नका.