फुफ्फुसाच्या शस्त्रक्रियेनंतर औषधांच्या चाचणीला होकार देण्यापूर्वी

फुफ्फुसातील कर्करोगाची गाठ पूर्ण काढली, तरी डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी मागे राहून आजार उलटू शकतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर औषधे दिली जातात आणि ती एकत्र दिल्याने अधिक लाभ होतो का, हे चाचण्यांतून तपासले जाते. उपचारासाठी परळला येऊन दादरच्या धर्मशाळेत उतरलेल्या कुटुंबासमोर असा प्रस्ताव आला, तर घाईने सही करू नये.

प्रथम पॅथॉलॉजीचा अंतिम रिपोर्ट घ्यावा. शस्त्रक्रिया गावाकडे झाली असल्यास ब्लॉकही मागून आणावा. प्लास्टिकच्या लहान चौकटीवर मेणात बसवलेला हा गाठीचा तुकडा उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये, कारण जनुकीय तपासणी त्यावरच होते. ही तपासणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ईजीएफआर या पेशींच्या वाढीशी संबंधित जनुकात ठरावीक बदल असलेल्या रुग्णांना ‘अडॉरा’ चाचणीत ऑसिमर्टिनिब ही त्या बदलावर नेम धरणारी गोळी तीन वर्षे दिली गेली. पाच वर्षांनंतर त्या गटातील ८८ टक्के रुग्ण हयात होते, तर प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेली तशीच गोळी घेणाऱ्या गटातील ७८ टक्के. त्यामुळे जनुकाचा रिपोर्ट येण्याआधीच चाचणीत नाव घालण्याचा आग्रह होत असेल, तर त्याचे कारण स्पष्टपणे विचारावे.

त्यानंतर, नव्या औषधांची तुलना कशाशी होणार आहे, हे विचारावे. सिस्प्लॅटिन आणि सोबत दुसरे औषध, दर २१ दिवसांनी, साधारण चार वेळा, ही प्रचलित केमो आहे. तिने पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण शंभरात सुमारे पाचाने वाढते. तुलनेच्या गटालाही आजचा प्रचलित उपचार मिळालाच पाहिजे. रुग्ण कोणत्या गटात जाईल हे संगणक ठरवतो, डॉक्टर नव्हे.

संमतीपत्र मराठीतच मागावे, घरी नेऊन वाचावे आणि न समजलेल्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारून आणावे. चाचणीचा सीटीआरआय (चाचण्यांची सरकारी नोंदवही) क्रमांक आणि इथिक्स कमिटीची मंजुरी पाहावी. औषध चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार मिळतात. रुग्णाला केव्हाही बाहेर पडता येते आणि त्यामुळे त्याचा नेहमीचा उपचार थांबवता येत नाही.

सिस्प्लॅटिन मूत्रपिंडांना व श्रवणशक्तीला इजा करू शकते, म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि कानांची तपासणी आधीच करून घ्यावी. उशाशी थर्मामीटर ठेवावा. केमोनंतर ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेल्यास सकाळच्या ओपीडीची वाट न पाहता रात्रीच कॅज्युअल्टी गाठावी.