ब्रोमीनयुक्त ई-कचरा प्लास्टिकचे पायरोलिसिस

पायरोलिसिस म्हणजे हवेशिवाय तापवून प्लास्टिकचे विघटन करणे व त्यातून तेल मिळवणे. जुन्या टीव्ही व संगणकांच्या कवचांत एबीएस व हिप्स (दोन्ही स्टायरीनपासून बनलेली प्लास्टिके) आणि आग पसरू नये म्हणून घातलेली ज्वालारोधक ब्रोमीन संयुगे एकत्र असल्यामुळे हे प्लास्टिक सरसकट भट्टीत टाकू नये. प्रथम तुकडे करून १.१० ग्रॅम प्रति घन सेंमी घनतेच्या मिठाच्या पाण्यात सोडावेत. साधे एबीएस व हिप्स तरंगते, ब्रोमीनयुक्त माल तळाशी बसतो. मात्र पीव्हीसी आणि काचतंतू मिसळलेले प्लास्टिकही बुडते, म्हणून बुडालेला माल एक्स-रे फ्लुओरेसन्स यंत्राने (क्ष-किरणांनी मालातील मूलद्रव्ये ओळखणारे यंत्र) तपासून पीव्हीसी वेगळे काढावे. ही पायरी कंटाळवाणी असली तरी तेलाचा दर्जा बहुतांशी इथेच ठरतो.

तापवणे दोन टप्प्यांत करावे. नायट्रोजनच्या वातावरणात सुमारे ३०० ते ३५० अंश सेल्सिअसला बराचसा ब्रोमीन हायड्रोजन ब्रोमाइड आणि, अँटिमनी ट्रायऑक्साइड असल्यास, अँटिमनी ब्रोमाइडच्या रूपाने निघतो. ही वाफ कॉस्टिक सोड्याच्या स्क्रबरमधून (वायू धुऊन स्वच्छ करणारे उपकरण) न्यावी. नंतर ४५० ते ५०० अंशांना स्टायरीन, टोल्युईन असलेले तेल मिळते.

हवा आत शिरल्यास ब्रोमीनयुक्त डायऑक्सिन व फ्युरान ही अत्यंत विषारी संयुगे तयार होण्याचा धोका वाढतो, त्यामुळे हे काम घरी किंवा उघड्यावर कदापि करू नये. महाराष्ट्रात प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. भट्टीत उरलेल्या कोळशासारख्या अवशेषात अँटिमनी असू शकते. तो घातक कचरा समजूनच हाताळावा.