मोठी मूळ संख्या तपासताना या चुका टाळा

२१४७४८३६४७ ही संख्या, म्हणजे २ च्या ३१ व्या घातातून १ वजा केल्यावर उरणारी संख्या, मूळ आहे हे गणितज्ञ ऑयलर यांनी १७७२ मध्ये दाखवून दिले. संगणकाला हे काम क्षणभराचे आहे, तरीही नवख्याने लिहिलेला प्रोग्राम बरेचदा तिला संयुक्त ठरवतो.

दोष बहुधा लूपच्या, म्हणजे एकेक भाजक घेऊन पुन्हा पुन्हा भागून पाहणाऱ्या भागाच्या, अटीत असतो. भाजकाचा वर्ग संख्येहून मोठा होईपर्यंतच भागून पाहावे हा नियम बरोबर आहे, आणि त्यानुसार येथे ४६३४० च्या पुढे जावे लागत नाही. परंतु ४६३४१ चा वर्ग २१४७४८८२८१ येतो, तर ३२ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या नेमकी आपली २१४७४८३६४७ आहे. जावा या प्रोग्रामिंग भाषेत हा वर्ग न मावल्याने उलटून ऋण होतो, ‘वर्ग संख्येहून मोठा नाही’ ही अट कधीच खोटी ठरत नाही, भाजक वाढत वाढत अखेर त्याच संख्येपाशी येतो, आणि तिने स्वतःलाच भागल्यावर बाकी शून्य आली की प्रोग्राम ‘संयुक्त’ असे सांगून मोकळा होतो. वर्ग काढण्याऐवजी संख्येला भाजकाने भागून येणारा भागाकार भाजकापेक्षा लहान झाला की थांबावे, किंवा ६४ बिटांचा पूर्णांक घ्यावा. शिवाय सगळेच भाजक घेण्याचे कारण नाही: या संख्येच्या मूळ विभाजकाला २४८ ने भागल्यास बाकी १ किंवा ६३ च उरू शकते, आणि ऑयलर यांचे काम आटोक्यात आले ते यामुळेच.

२ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या संख्यांबाबत, घातांक मूळ आहे म्हणून संख्याही मूळ, हा दुसरा गैरसमज. घातांक ११ घेतल्यास २०४७ मिळते आणि ती २३ गुणिले ८९ आहे. अशी संख्या मूळ ठरते त्या घातांकांच्या, फ्रेंच विद्वान मर्सेन यांनी १६४४ मध्ये दिलेल्या यादीतही ६७ हा घातांक चुकून आला होता. त्या संख्येचे १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ हे अवयव गणितज्ञ कोल यांनी १९०३ मध्ये मांडले.

अशा संख्यांवर २ हा पाया घेऊन फर्माची चाचणी (पायाचा, संख्येपेक्षा एकने कमी इतका घात घेऊन त्याला संख्येने भागल्यास बाकी १ येते का ते पाहणे) करणे तर निव्वळ व्यर्थ आहे, कारण घातांक मूळ असेल तर त्या सगळ्याच उत्तीर्ण होतात. २०४७ ही त्याच पायावरच्या मिलर-राबिन या अधिक कडक चाचणीलाही चकवते. ३२००००००० हून लहान संख्यांसाठी २, ३, ५ आणि ७ हे चारही पाये वापरल्यास मिलर-राबिनचा निकाल निश्चित असतो.

घातांक मोठा असेल तर खास अशाच संख्यांसाठी असलेली लुकास-लेमर चाचणी घ्यावी, मात्र फेऱ्या मोजताना सावध राहावे. ४ पासून सुरुवात करून दर फेरीला वर्गातून २ वजा करायचे आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी घ्यायची, असे घातांकापेक्षा दोनने कमी वेळा करायचे असते; शेवटी शून्य आले तर संख्या मूळ. घातांक ५ साठी, म्हणजे ३१ साठी, ४, १४, ८, ० असा क्रम येतो. एक फेरी जास्त झाली तर शून्याच्या जागी २९ दिसते, काही भाषांत उणे २, आणि खरी मूळ संख्या नापास होते. म्हणून मोठा घातांक देण्यापूर्वी ५ आणि ११ देऊन पाहावे: पहिल्याला होकार आणि दुसऱ्याला नकार आला नाही, तर आधी फेऱ्यांची संख्या तपासावी.